न घेतलेलं भाडं

विश्रामला कुणी काही फुकट दिलं की त्याला त्यात खोट दिसायची. मासेवालीने आपण होऊन एक बांगडा वर टाकला, तर हा आधी त्याचे कल्ले उघडून बघायचा आणि मग वाट्यातल्या बाकीच्यांचेही. आचऱ्याच्या बाजारात नारळाच्या वखारीत तो कामाला होता. दिवसभर नारळ कानाशी धरून वाजवायचे, चांगले एकीकडे, कुजके एकीकडे. त्या कामामुळे स्वभाव असा झाला, की स्वभाव असा म्हणून मालकाने ते काम दिलं, देव जाणे. माणूस वाईट नव्हता. बायकोवर, सीतेवर, त्याचा जीव होता. फक्त जीव लावलेल्या माणसालाही तो अधूनमधून वाजवून बघायचा.

त्याची वाडी खाडीच्या अलीकडे, बाजार पलीकडे आणि मध्ये तर. तर म्हणजे एक रुंद होडी आणि ती वल्हवणारा गुलाम. गुलामच्या आधी त्याचा बाप अलीमियाँ होडीवर होता. त्या काळी वाडीतलं कुणी होडीत बसताना पैसा काढत नसे. भात झोडून झालं की घरटी मापभर भात आणि नारळी पुनवेला एक नारळ अलीमियाँच्या घरी पोचता व्हायचा. मग वर्षभर कोण कितीदा गेलं नि आलं, हे कुणी विचारायचं नाही. रोख पैसे द्यायचे ते पलीकडच्यांनी आणि परगावच्यांनी.

अलीमियाँ गेला आणि सरकारने तरीचा लिलाव केला. हरिश्चंद्र शेट नावाच्या बाहेरगावच्या माणसाने मक्ता घेतला. धक्क्यावर पाटी लागली: माणशी सहा नवे पैसे, टोपलीचे निराळे, बकरीचे निराळे. भात बंद, नारळ बंद. गुलाम आपल्याच बापाच्या होडीवर शेटचा पगारी नोकर झाला. धक्क्यावर माडाच्या झापांची खोप उभी राहिली आणि तिच्यात शेटचा माणूस बाळा येऊन बसला. प्रत्येक खेपेला तो डोकी मोजायचा आणि संध्याकाळी पैशांच्या डब्याशी ताळा घ्यायचा.

वाडीत आगडोंब उसळला. चार हट्टी लोक ओहोटीच्या वेळी चिखल तुडवत पलीकडे जायला निघाले, त्यातल्या दोघांना गुलामनेच दोर टाकून बाहेर काढलं आणि वर भाडंही घेतलं. हळूहळू सगळे मुकाट्याने पैसे काढू लागले. विश्राम मात्र मनातून गप्प बसला नाही. जुना आणा अजून चालत होता आणि तो सहा पैशांत धरत. चार आण्यांचे पुरते पंचवीस पैसे होतात आणि चार खेपांचे चोवीस, म्हणजे आण्याने भाडं दिलं की चार खेपांमागे आपला एक पैसा शेटकडे जातो, हे त्याच्या ध्यानात आलं तेव्हा त्याची झोप उडाली. शेट कुणाला काही सोडतो होय? दरात मेख होती ती हीच.

दसऱ्यानंतरच्या सोमवारी तो आणि सीता रामेश्वराच्या दर्शनाला निघाले. खाडीच्या मध्यावर पाणी संथ होतं तिथे गुलाम वल्हं मांडीवर घेऊन भाडं गोळा करी. विश्रामने तळहातावर दोन आणे धरले. गुलामने त्यातला एक उचलला आणि पुढच्या माणसाकडे वळला.

"अरे, दोघांचे आसत," विश्राम म्हणाला.

"वयनीचो ऱ्हवांदे."

"कित्या?"

"ऱ्हवांदे म्हटलंय मा," गुलाम म्हणाला आणि वल्हं पाण्यात घातलं.

समोर पलीकडच्या गावची अक्का बसली होती, पानसुपारी विकणारी म्हातारी. तिने सीतेकडे बघितलं आणि पदराआड हसली. सीता पाण्याकडे बघत राहिली. देवळात विश्रामने हात जोडले खरे, पण रामेश्वरापुढे उभं राहूनही त्याच्या डोळ्यांपुढे तो उरलेला आणाच होता.

घरी आल्यावर त्याने आपल्या आईला, आयेला, सहज विचारल्यासारखं विचारलं, "आये, गुलाम तुझ्याकडसून भाडा घेता काय गो?"

"घेता तर! परवा दोन केळी न्हेलंय तर तेंचापण मागी होतो मेलो. कित्या?"

"काय नाय, सहज."

पण आयेला सहज विचारलेलं कधी कळत नसे. दोन दिवसांत तिने त्याच्याकडून सगळं काढून घेतलं. त्या दिवशी सीता महिन्याची बाहेर बसली होती, मागच्या पडवीत गोणपाटावर, आणि चुलीपाशी आये होती. भाकरी थापता थापता ती हळू आवाजात म्हणाली, "म्हाताऱ्या माणसाक सोडणा नाय आणि तिका सोडता? तिचो कोण लागता तो?"

विश्राम उठून ओटीवर गेला. पण हा प्रश्न त्याच्या घशात माशाच्या काट्यासारखा अडकला. तो गिळता येईना की काढता येईना.

त्याला भीती वाटायला एक कारणही होतं, आणि ते त्याचं त्याला चांगलं ठाऊक होतं. लग्नाला सहा वर्षं झाली होती. दोनदा सीतेला दिवस गेले आणि दोन्ही वेळा तीन-साडेतीन महिन्यांत सगळं संपलं. दोन्ही वेळा आयेने आधीच गावभर सांगून ठेवलं होतं, म्हणून नंतर गावभर उलटं सांगत फिरावं लागलं. दुसऱ्या खेपेला वैद्य घरी आले, तेव्हा सीता अंथरुणावर असताना तिच्यादेखत विश्रामने त्यांना विचारलं होतं, "खोट नेमकी कोणात आसा?" वखारीत मालकाला विचारावं तसं. वैद्य काय म्हणाले ते तो विसरला, पण सीतेने भिंतीकडे तोंड फिरवलं ते विसरला नव्हता. त्या दिवसापासून ती घरात बोलायची, हसायची, वाढायची. पण आतलं एक दार तिने लावून घेतलं होतं. आता ते दुसऱ्या कुणासाठी उघडलं असेल तर, या विचाराने तो रात्री उठून बसायचा.

मग त्याने शोध सुरू केला. पहिला गेला बाळाकडे. विडी पुढे करून म्हणाला, "काय रे, गुलाम डब्यात खोट नाय मा करणा?"

"नाय हो," बाळा म्हणाला. "डोक्यांचो आणि डब्याचो ताळो बरोबर येता. कोणाचा भाडा नाय घेतल्यान तर तो आपल्या खिशातलो आणो टाकता. माझ्या डोळ्यादेखत टाकल्यान."

"कोणाचो टाकल्यान?"

बाळाने विडीचा झुरका घेतला आणि धूर सोडत दुसरीकडे बघितलं. "माका काय ठावक. माझा काम डोकी मोजूचा, तोंडा बघूचा नाय."

विश्राम तिथून उठला. नुसतं सोडणं वेगळं. शेटच्या पोटावर पाय देऊन सोडलं असतं तर गुलामची लबाडी म्हणता आली असती. पण हातावर पोट असलेला माणूस स्वतःच्या खिशातले पैसे दुसऱ्याच्या बायकोसाठी का घालेल? ह्याला जगात एकच उत्तर असतं, असं विश्रामला वाटलं. आणि एकदा वाटलं की त्याला ते सगळीकडे दिसू लागलं. गुलाम होडी धक्क्याला लावताना सीतेला हात द्यायचा, इतर बायकांनाही द्यायचा. पण विश्रामला फक्त एकच हात दिसायचा.

सीता दर गुरुवारी पलीकडे माहेरी जायची. आईचे गुडघे धरले आहेत, तेल चोळायला जाते, असं तिने सांगितलं होतं. एका बुधवारी सीतेचा भाऊ शंकर वखारीत आला. विश्रामने नारळ वाजवता वाजवता विचारलं, "सासूबाईंचे गुडघे कसे आसत?"

"आयेचे? बरे आसत की. कालच झाडाखालची पोफळा गोळा केल्यान." शंकर हसला. "सीताक पाठवा कधीतरी. दिवाळीपासून तोंड दाखवूक नाय."

विश्रामने तो नारळ तीनदा वाजवला आणि चांगला असून कुजक्यांत टाकला.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, तो दुपारी डोकं दुखतंय म्हणून वखारीतून बाहेर पडला. बाजाराकडच्या धक्क्यावर आला तर होडी खुंटाला बांधलेली. गुलामच्या जेवणाची वेळ. गुलामचं घर तिथून हाकेच्या अंतरावर, माडांच्या मागे. विश्राम वाळत घातलेल्या जाळ्यांआड उभा राहिला. लाज वाटत होती, पण पाय हलत नव्हते. थोड्या वेळाने दार उघडलं आणि सीता बाहेर आली. केस मोकळे होते, ते तिने उंबऱ्यातच बांधले. पदराखाली काहीतरी धरलं होतं. मागून गुलामची आई जुलेखा आली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत काहीतरी म्हणाली. म्हणजे म्हातारीलाही सगळं ठाऊक आहे, विश्रामच्या मनात आलं. सगळ्या गावाला ठाऊक आहे. अक्का उगीच नाही हसली.

रात्री पानावर बसल्यावर त्याने विचारलं, "आवशीक बरा आसा?"

"बरा आसा," सीता म्हणाली. "गुडघे वायच सुजलेत."

तिने ताटात भात वाढला, वर कढी घातली, अगदी रोजच्यासारखी. विश्रामला रडू यायचंच काय ते बाकी राहिलं. त्याला राग आला असता तर बरं झालं असतं. राग आला नाही, नुसतं सगळं आतून रिकामं झालं. भात तसाच टाकून तो उठला. आये म्हणाली, "पित्त झाला आसतला." सीता त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली.

पुढच्या गुरुवारी तो कामावर गेलाच नाही. सीता धक्क्यावर आली तेव्हा तो आधीच होडीत बसलेला होता. त्याला बघून तिचा चेहरा उतरल्याचं त्याने टिपून घेतलं. ती त्याच्यापासून दोन माणसं सोडून बसली. अक्का होती, बाजाराला निघालेली चार माणसं होती, कुणाची तरी बकरी होती. धक्क्यावर बाळाने बोट नाचवत डोकी मोजली आणि होडी सुटली.

मध्यावर पाणी संथ झालं. गुलामने वल्हं मांडीवर घेतलं आणि भाडं गोळा करत आला. विश्रामने एक आणा दिला. मग गुलाम सीतेला ओलांडून पुढे जाऊ लागला, तसा विश्राम उभा राहिला. होडी डचमळली.

"गुलाम! हिचा भाडा कोण भरतलो?"

गुलामचा चेहरा पडला. "बसा हो विश्रामदा. होडी हलता."

"हलांदे. सगळ्यांसमोर सांग. माझ्या आवशीचा घेतंस, बकरेचा घेतंस आणि माझ्या बायलेचा भाडा तू पदरचा भरतंस. कित्या? तुझी ती कोण?"

बकरीसुद्धा गप्प झाली. गुलाम एकदा सीतेकडे आणि एकदा त्याच्याकडे बघत होता. "माका सांगूची चोरी आसा," तो कसाबसा म्हणाला. "तुमी तिका विचारा. माका विचारू नकात."

हे ऐकून विश्रामच्या डोक्यात घण बसला. त्याने कनवटीचा दुसरा आणा काढला. "विश्राम परबाची बायल फुकट जाणा नाय," तो ओरडला. "घे हिचा भाडा!" गुलामने हात मागे घेतला, तसा विश्रामने वाकून तो आणा स्वतःच डब्याच्या फटीतून आत टाकला. आत पडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

"अरे रे रे," अक्का कळवळून म्हणाली, "काय केलंस रे पोरा!"

सीता पांढरीफटक पडली होती. तिने एकदा भोवतालच्या पाण्याकडे बघितलं. मग पदराची गाठ दातांनी सोडली, तिच्यातून एक आणा काढला आणि पुढे सरकून डब्यात टाकला.

"ह्यो कोणाचो?" विश्राम म्हणाला. "तुझो मी टाकलंय मा?"

"माझो तुमी टाकलास," सीता म्हणाली. तिचा आवाज इतका हळू होता की अख्खी होडी वाकून ऐकत होती. "ह्यो तेचो, जो अजून कोणाक दिसणा नाय. तुमी एकाचा भाडा भरलास, आता तेका फुकट न्हेवक मी भियाले."

विश्राम उभाच होता. त्याला कळलं नाही. किंवा कळलं आणि त्याची हिंमत झाली नाही.

अक्काने त्याचा हात धरून खाली बसवलं. "अलीमियाँचो नेम आसा ह्यो," ती म्हणाली. "आमी रोख देणारी माणसा, आमका ठावक. तुमी भात देणारे, तुमका कधी कळाकच नाय. दोन जिवांच्या बायलेचा भाडा होडयेत घेवचा नाय. एकाचा घेतलास काय खाडयेक कळता, दुसरो फुकट चललो. मगे खाडी आपला भाडा आपणच घेता. म्हणान होडीवालो खिशातलो आणो टाकता आणि खाडयेक फसयता."

विश्रामने सीतेकडे बघितलं. पडवीतल्या गोणपाटावर महिन्याच्या महिन्याला बसणारी सीता त्याला आठवली. ती खोटी बसत होती. त्याच्यापासून आणि आयेपासून ते पोर लपवायला ती पडवीत गोणपाटावर चार चार दिवस काढत होती. आणि जुलेखा. खाडीच्या दोन्ही तीरांवर जुलेखेसारखी सुईण नव्हती हे तर वाडीतलं शेंबडं पोरही सांगेल. दर गुरुवारी सीता तिच्याकडेच पोट दाखवायला जात होती, पदराखाली होतं ते औषध. त्याला मात्र त्या घरात फक्त गुलाम दिसला होता.

"कितवो?" त्याने विचारलं.

"पाचवो सरता." ती पाण्याकडे बघत म्हणाली. "हलाक लागल्यावर सांगतले होतंय. तवसर कोणी माका वाजवन बघूक नको होता."

 गुलामने वल्हं उचललं. पलीकडे उतरताना त्याने सीतेला हात दिला आणि विश्रामने खाली बघितलं. संध्याकाळी बाळाचा ताळा चुकला. डब्यात एक आणा जास्त निघाला. एक माणूस आपल्या नजरेतून सुटला कसा, म्हणून तो रात्रीपर्यंत डोकं खाजवत बसला आणि गुलामवर संशय घेत राहिला.

सीता परत वाडीत आली नाही. जुलेखेने सांगितलं, आता खाडी ओलांडायची नाही. ती माहेरीच राहिली. विश्राम वखारीतून संध्याकाळी तिकडे जायचा, ओटीवर बसायचा, शंकरशी पावसापाण्याचं बोलायचा. सीता आतून चहा पाठवायची. आयेला त्याने सगळं सांगितलं आणि गावात एक अक्षर बोललीस तर बघ, असं बजावलं. आये पहिल्यांदाच गप्प राहिली, कारण भ्यालेली तीही होती.

आणि विश्रामचा संशय गेला म्हणता? छे. त्याने फक्त माणूस बदलला. आता तो खाडीवर संशय घेऊ लागला. मध्यावर आलं की पाण्याकडे बघायचा; आपण टाकलेला तो आणा खाडीने मोजला तर नसेल? सीतेचा वेळेवर पोचला असेल ना? रोज सकाळी तो आधी गुलामचा चेहरा वाचायचा, कारण काही वाईट झालं तर जुलेखेच्या घरात आधी कळणार. गुलाम ते ओळखून असायचा. दुरूनच हात वर करून तो हाक द्यायचा, "बरा आसा!" मगच विश्राम होडीत पाय टाकायचा.

चैत्र सरता सरता सीतेला मुलगी झाली. जुलेखेने नाळ कापली. विश्रामने पोर हातात घेतलं ते इतकं अवघडून धरलं की जुलेखेने लगेच काढून घेतलं.

वैशाखात सीतेला घरी आणायचं ठरलं. तोवर शेटने दर आणखी वाढवला होता, पाटी नवी रंगवली होती आणि धक्क्यावर लोक तावातावाने भांडत होते. विश्रामने पाटीकडे बघितलंही नाही. होडी भरलेली होती, फणस होते, आंब्याच्या करंड्या होत्या. सीता पोरीला छातीशी धरून मधल्या फळीवर बसली. अक्काने पोरीच्या गालाला बोट लावून तेच बोट आपल्या कानशिलावर मोडलं.

मध्यावर पाणी संथ झालं. गुलामने वल्हं मांडीवर घेतलं. ह्यावेळी तो दुसऱ्या कुणाकडे गेला नाही; सरळ सीतेसमोर आला आणि दाढीतल्या दाढीत हसत त्याने तळहात पसरला.

"काढा वयनी, भाडा काढा. आता तुमी एकल्याच."

"आणि हिचा?" अक्का म्हणाली.

"ती अंगार दूध पिता तवसर माफ. ती दिसता मा आता खाडयेक! चोरून थोडीच जाता?"

सगळे हसले. विश्रामच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते लपवायची शुद्धही त्याला राहिली नाही. घाईघाईने त्याने खिशात हात घातला, हाताला लागतील ते पैसे मुठीत धरून गुलामपुढे केले. आयुष्यात त्याने भाडं इतक्या आनंदाने काढलं नव्हतं.

सीतेने त्याचा हात हळूच बाजूला सारला.

"ऱ्हवांदे," ती म्हणाली. "माझा मी देतंय."

पोरीला एका हाताने सावरून तिने पदराची गाठ दातांनी सोडली आणि आपलं भाडं मोजून गुलामच्या हातावर ठेवलं. विश्राम पैसे मुठीत घेऊन बसून राहिला, होडी अलीकडच्या धक्क्याला लागेपर्यंत.